लग्नाच्या कॅसेटीतला आवाज

आज आपण कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही, शिवणकामाबद्दलही नाही. तुमच्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या खाली, एक जाड काळी कॅसेट पडलेली असेल. वर पेनाने लिहिलेलं असेल, 'शुभविवाह'. आज तिच्याबद्दल बोलू.

आमच्या गटाची मासिक बैठक होती. बचतीचे पैसे मोजून झाले आणि एका आक्कांनी पिशवीतून अशी कॅसेट काढली. म्हणाल्या, "माझ्या लग्नाची आहे. आईचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. यात ती असेल. एकदा बघायचंय तिला." त्यांचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला होता. मग आम्ही सगळ्याजणींनी आपापली घरं धुंडाळली, तर चौदा कॅसेटी निघाल्या. लग्नं, बारशी, आणि एक गावच्या यात्रेची.

या व्हीएचएस कॅसेटी जपानमध्ये १९७६ साली आल्या. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या काळात लग्नाचं शूटिंग यांच्यावरच व्हायचं. आत प्लॅस्टिकची पातळ पट्टी असते आणि तिच्यावर चुंबकीय थर. चित्र आणि आवाज त्या थरात असतात. ओल लागली की बुरशी धरते, वर्षं गेली की थर कमजोर होतो. शिवाय ती चालवणारं नवीन यंत्र आता मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. म्हणून दिवाळीला बघू, असं म्हणत बसू नका.

तालुक्याच्या गावी पूर्वी लग्नाचं शूटिंग करणारे एक दादा आहेत. त्यांच्याकडे एक जोडयंत्र पडून होतं. डब्यासारखं एकच यंत्र, एका बाजूला कॅसेट घालायची, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी. त्यांनी ते पंधरा दिवस आम्हाला दिलं आणि कसं चालवायचं ते शिकवलं. तुम्ही जुनं यंत्र घेणार असाल तर एक बघा, त्यावर 'रेकॉर्डर' लिहिलेलं हवं. तशीच दिसणारी काही यंत्रं नुसती दाखवतात, उतरवून देत नाहीत.

आता आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

पहिली कॅसेट आम्ही उत्साहात तशीच आत सारली. तिच्या रिळाच्या कडेला पांढरी बुरशी होती. पट्टी आत अडकली आणि एका ताईच्या लग्नातली सप्तपदी चुरगळून गेली. ताई काही बोलल्या नाहीत, पण आमच्या घशाखाली चहा उतरला नाही. तेव्हापासून आधी कॅसेटीच्या खिडकीतून उजेडात बघतो. पांढरं दिसलं तर ती बाजूला ठेवून जाणकाराकडे देतो. चांगली असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घेतो, म्हणजे चिकटलेली पट्टी मोकळी होते. कॅसेटीच्या कडेचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकतो. मग तिच्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

दुसरी चूक म्हणजे चार डिस्क भरल्या, वाटल्या आणि एकीच्याही घरी लागेना. रेकॉर्डिंग संपल्यावर 'फायनलाइझ' करायचं राहिलं होतं. ते केल्याशिवाय डिस्क बहुतेक दुसऱ्या यंत्रावर चालत नाही.

तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. साध्या डीव्हीडीवर चांगलं चित्र ठेवून दोन तास बसतात. चार तासही बसवता येतात, पण चित्र पुसट होतं. आम्ही एका लग्नाला दोन डिस्क लावल्या. वीज मध्येच गेली तर डिस्क वाया जाऊ शकते, म्हणून भारनियमनाची वेळ टाळून बसलो. बाजारातून आणलेल्या सिनेमांच्या बऱ्याच कॅसेटी मात्र अशा उतरत नाहीत, त्यांना कुलूप असतं.

आक्कांची कॅसेट लावली तेव्हा आम्ही सातजणी होतो. शूटिंगवाल्याने सगळीकडे सिनेमाची गाणी घातलेली. वरात, जेवणावळ, मंगलाष्टकं, सगळं बघितलं. आई कुठेच दिसेना. आक्का म्हणाल्या, "कशी दिसेल? वडील आदल्या वर्षीच गेलेले. ती मागेच थांबली असणार."

मग हळदीचा भाग आला. तिथे गाणं घालायचं राहून गेलं होतं, मूळ आवाज तसाच होता. पाच सवाष्णी जात्याशी बसलेल्या. ओवी म्हणता म्हणता त्या अडल्या, पुढचं आठवेना. तेव्हा दाराआडून एक आवाज आला आणि त्याने ओवी पुरी केली. आक्कांनी तोंडावर पदर घेतला. म्हणाल्या, "हीच. मागे घ्या, परत लावा." तो अर्ध्या मिनिटाचा भाग आम्ही किती वेळा लावला, मोजलं नाही.

मैत्रिणींनो, आपल्या आयांचे आवाज आणखी कुठे ठेवलेले आहेत? सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं, फोटोत त्या नव्हत्या. जे आहे ते या पट्टीवर, आणि ती पट्टी झिजते आहे.

म्हणून डिस्क झाली तरी मूळ कॅसेट फेकू नका. कोरड्या जागी उभी ठेवा, स्पीकर आणि मोटारीपासून लांब. डिस्कही कायमची नसते, म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, एक मुलीच्या घरी ठेवा. सगळ्यात आधी पूर्ण डिस्क बसून बघा, नीट उतरली आहे ना.

आणि आमच्या गटाने एक ठरवलं आहे. आता आमच्यापैकी कुणाच्याही घरी लग्न असलं आणि कॅमेरा सुरू झाला की नवरीच्या आईला आम्ही हाताला धरून पुढे आणतो. ती सवाष्ण आहे की विधवा, हे बघत नाही.