कोथरूड की खराडी?
पुण्यात घर शोधताना कोथरूड आणि खराडी यांची तुलना अनेकदा होते. पश्चिमेचे कोथरूड जुने. तिथे शाळा, दवाखाने, मंडई, नाट्यगृह पायी अंतरावर. पण जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असे नाही, आणि पार्किंगची तर बोंबच. पूर्वेच्या खराडीत आयटी पार्क, नवे टॉवर, प्रशस्त वाहनतळ, आणि संध्याकाळी नगर रस्त्यावर खोळंबलेली वाहने. मार्च २०२४ पासून वनाज ते रामवाडी मेट्रो सलग धावते. वनाज कोथरूडमध्येच आहे, खराडी मात्र रामवाडीच्याही पुढे.

खरी मेख पाण्यात असते. पूर्व पुण्यासाठी भामा आसखेडचे पाणी २०२१ मध्ये आले, तरी सोसायटीगणिक स्थिती वेगळी. म्हणून मागच्या उन्हाळ्यातली टँकरची बिले सोसायटीकडे मागून पाहावीत. जाहिरातीतल्या जलतरण तलावापेक्षा ती अधिक बोलकी असतात.

खरेदीदाराने नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक तपासावा, जुन्या इमारतीचे अभिहस्तांतरण झाले आहे का ते विचारावे. कोथरूडमध्ये पुनर्विकासाचे वारे जोरात आहे. मालकाला त्यातून बहुधा मोठे घर मिळते, भाडेकरूला मात्र बिऱ्हाड हलवावे लागते. त्यामुळे भाड्याने राहणाऱ्याने सोसायटीत तसा ठराव झाला आहे का, हे आधीच विचारावे. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची.