कुंडीतील माती आणि गांडूळ



कुंडीतील माती काही काळाने घट्ट व निकस होते. पाण्याबरोबर तिचा कस वाहून जातो आणि पालापाचोळा तिला मिळत नाही. ही उणीव गांडूळ भरून काढते. डार्विनने १८८१ साली या सामान्य जीवावर संपूर्ण ग्रंथ लिहिला होता.

मात्र गांडुळे थेट कुंडीत सोडू नयेत. कुंडी उन्हाने तापते, अन्न अपुरे पडते आणि ती मरतात. उकिरड्यातील तांबडी गांडुळे भोके पाडलेल्या खोक्यात, सावलीत, कुजक्या पाल्यात ठेवावीत. भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा घालावा. मीठ, तेल व मटणाचे खरकटे घालू नये. गांडूळ त्वचेने श्वास घेते. म्हणून ओल हवी, पण पाणी साचू नये. दोन-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे खत मिळते. एक भाग खत तीन भाग मातीत मिसळावे.

इसराफ टाळा, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. कामाची साल कचऱ्यात फेकणे हाही इसराफच. पालकांनो, हे खोके मुलांच्या स्वाधीन करा. हात मळले म्हणून रागावू नका. पुस्तकातील विज्ञान त्या हातांनाच कळणार आहे.