घरातली बडबड आणि कार्टून फिल्म
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सोसायटीच्या कार्यक्रमात भाषण म्हटलं की कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी आणि रिडेव्हलपमेंट हे विषय ठरलेले. या वेळी सांस्कृतिक समितीने मला ‘घर आणि कला’ हा विषय दिला, त्याबद्दल आभार. मी आज तुम्हाला अमेरिकेतल्या एका घराची ओळख करून देणार आहे. हबली कुटुंब. नवरा जॉन, बायको फेथ आणि मुलं चार: मार्क, रे, एमिली, जॉर्जिया.

जॉन मूळचा डिस्नेच्या स्टुडिओतला. १९४१च्या संपानंतर तो तिथून बाहेर पडला. पुढे यूपीए कंपनीत त्याने मिस्टर मगू हे पात्र घडवण्यात मोठा वाटा उचलला. मगू म्हणजे डोळ्यांना नीट दिसत नसताना ते अजिबात कबूल न करणारे आजोबा. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघातही असे दोन-चार आहेत, नावं घेत नाही! नंतर अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कलावंतांच्या मागे चौकशा लागल्या. सहकाऱ्यांची नावं सांगायला जॉनने नकार दिला. त्यापायी चांगली नोकरी गेली.

१९५५ साली जॉन आणि फेथचं लग्न झालं. दोघांनी ठरवलं, दरवर्षी स्वतःच्या मनासारखी एक तरी फिल्म करायची. पोटासाठी जाहिराती, मनासाठी फिल्म. बँकेतला माणूस म्हणून मला हे फार भावतं. रिकरिंग डिपॉझिटसारखा हा नेम त्यांनी चालवला.

आणि विषय कुठून आणले? घरातूनच. मार्क आणि रे लहान असताना खेळता खेळता जे बोलले, ते त्यांनी टेपवर घेतलं. एरवी आधी संवाद लिहितात आणि मग नटाकडून बोलून घेतात. इथे मुलांची बडबड आधी, चित्रं नंतर. त्यातून १९५९ साली ‘मूनबर्ड’ झाली. दोन भाऊ रात्री गुपचूप पक्षी पकडायला निघतात, एवढीच गोष्ट. तिला ऑस्कर मिळालं.

यामागचे कष्ट बघा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे दहा मिनिटांना ७,२०० चित्रं! पोरांच्या बडबडीसाठी एवढी मेहनत आपल्यापैकी कोण घेईल?

पुढे मुलींची पाळी आली. १९६८च्या ‘विंडी डे’मध्ये एमिली आणि जॉर्जिया खेळता खेळता लग्न, मोठं होणं, अगदी मरणाबद्दलसुद्धा बोलतात. मुलं काय काय विचार करत असतात, हे ऐकून आपण गप्प होतो. बाहेरच्या जगाकडेही या घराची पाठ नव्हती. १९६२च्या ‘द होल’मध्ये खड्ड्यात काम करणारे दोन मजूर अपघातांवर गप्पा मारतात आणि गप्पा अणुयुद्धापर्यंत जातात. तिलाही ऑस्कर मिळालं.

१९७७ साली जॉन गेला. फेथला त्याआधीच कॅन्सरचं निदान झालं होतं. तरी तिने नेम सोडला नाही. २००१ साली जाईपर्यंत ती जवळजवळ दरवर्षी एक फिल्म करत राहिली. एमिली स्वतः अशाच फिल्म करू लागली. जॉर्जिया एका प्रसिद्ध बँडमध्ये ड्रम वाजवते.

मंडळी, हे सगळं का सांगितलं? पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या जिन्यात आणि पार्किंगमध्ये जी पोरं कल्ला करायची, ती आज पुण्या-बंगळुरूला, काही पार परदेशात आहेत. त्यांचे वाढदिवसाचे फोटो प्रत्येक घरात आहेत. पण तो बोबडा आवाज कुणाकडे आहे? आणि ज्यांनी ही सोसायटी उभी केली, त्यातले जे आज आपल्यात नाहीत, त्यांचा आवाज?

चित्रं काढणं सगळ्यांना जमणार नाही. ऐकणं जमेल. येत्या दिवाळीत मोबाईल नुसता बाजूला चालू ठेवा. “काकांना म्हणून दाखव” असा आग्रह नको. पोरांना खेळू द्या, आजी-आजोबांना बोलू द्या. फक्त नाव, तारीख आणि फ्लॅट नंबर नीट लिहून ठेवा. नोंद चोख असली की ठेव सापडते, हे मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. सुवर्णमहोत्सवाला ही ठेव सगळ्यांना व्याजासकट ऐकता येईल. मी तेव्हा समोर नसेन बहुतेक, पण रेकॉर्डिंगमध्ये नक्की असेन.