७८००एक्स३डी: घ्यावा की थांबावं?

आजचा प्रोसेसर, एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी. एप्रिल २०२३ मध्ये आलेला. कोअर आठच, पण खरी गंमत कॅशमध्ये: तब्बल ९६ एमबी एल३! गेमला लागणारा डेटा हाताशीच, रॅमकडे सारखे हेलपाटे नाहीत. म्हणून फ्रेम्स जास्त, अडखळणं कमी. वीजही बेतानं खातो.

मग अडतं कुठे? रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंग हेच मुख्य काम असेल तर जास्त कोअरवाला बघा. तिथे ही कॅश फारशी उपयोगी नाही. शिवाय एएम५ मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागणारच, घरातली जुनी डीडीआर४ चालत नाही. बॉक्समध्ये कूलरही नसतो, बरं का! आणि ग्राफिक्स कार्डच साधं असेल तर फरक जेमतेम दिसेल. तसं असेल तर मी आधी कार्डच बदलेन.