उंदीर इथलाच आहे

दूरवरून आलेले शास्त्रज्ञ आणि शेतातली कामं बाजूला ठेवून आलेल्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

औंढ्याच्या नागनाथाच्या आणि नर्सीच्या नामदेव महाराजांच्या या हिंगोली जिल्ह्यात, उंदरांवरच्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो.

उंदरासाठी परिषद कशाला, असं काहींनी विचारलं. ज्याच्या गव्हाच्या ओंब्या बिळात गेल्या, तो असं विचारणार नाही. 1994 साली आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आला. ती भीती ज्यांना आठवते, तेही विचारणार नाहीत. झिंक फॉस्फाइडचं आमिष आपण वर्षानुवर्षं टाकतो. एकदा त्रास होऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही.

म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठाचं 2022 मधलं संशोधन आपण समजून घ्यायला हवं. तिथे प्रयोगशाळेत घरातल्या लहान उंदराच्या जनुकांत असा बदल केला, की तो नराकडून बहुतेक सगळ्या पिलांत उतरतो आणि पुढे माद्या वांझ निपजू लागतात. बेटावर असे अडीचशे उंदीर सोडले तर तिथले 2 लाख उंदीर सुमारे 20 वर्षांत संपतील, असं त्यांचं गणित सांगतं. मोकळ्या रानात मात्र असा उंदीर अजून कुणी सोडलेला नाही.

हिंगोली हे बेट नाही. कयाधू नदी काही उंदराला अडवणार नाही. शिवाय असाच उपाय उद्या काळ्या उंदरासाठी सुचवला, तर तो उंदीर मूळचा आपल्याच उपखंडातला. जहाजांतून तो जगभर पसरला आणि बेटांवरच्या पक्ष्यांची अंडी-पिलं खाऊ लागला. तिकडे तो घुसखोर आहे. इथे धामण आणि घुबड त्याच्यावर जगतात. तिकडचा उपाय जसाच्या तसा इथे आणणं मला धोक्याचं वाटतं. संशोधन मात्र थांबू नये, असंही तितकंच वाटतं.

जनुक बदललेले जीव आपल्या मराठवाड्याला अगदीच नवे नाहीत. जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत 2017 साली जनुक बदललेल्या डासांच्या चाचण्या सुरू झाल्या, त्या बंद पिंजऱ्यांत. उद्या जनुक बदललेल्या उंदराचा प्रस्ताव आला, तर तो आधी गावात मांडला गेला पाहिजे.

शास्त्रज्ञ मित्रांनो, आमचे प्रश्न साधे असतील, पण शिवार आमचं आहे. मराठीत, सावकाश समजावून सांगा. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, मनातली एकही शंका घरी परत नेऊ नका. इथेच विचारा.