परराष्ट्रनीती आणि परतफेडीचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आंतरराष्ट्रीय राजकारण हा परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्यांचा विषय, आपले काम मोर्चे काढण्याचे, असा एक समज चळवळीत रूढ आहे. तो घातक आहे. ज्या धोरणांविरुद्ध आपण मोर्चे काढतो, त्यांपैकी कित्येकांची मुळे देशाबाहेरच्या व्यवहारांत असतात.

विद्यापीठांतून प्रथम शिकवला जातो तो वास्तववाद. राष्ट्रे सत्तेच्या परिभाषेतच आपले हित पाहतात, अशी मांडणी हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ साली केली. ती खोटी म्हणता येणार नाही. परंतु सत्ता जशी तोफांत असते, तशीच ती बाजारभावांत आणि कर्जरोख्यांतही असते. कच्चा माल विकणाऱ्या देशांना पक्क्या मालाच्या तुलनेत दीर्घकाळात कमी भाव मिळत जातो, हे राऊल प्रेबिश यांनी १९५० च्या सुमारास प्रतिपादिले. संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब तर दादाभाई नौरोजींनी त्याच्याही कितीतरी आधी मांडला होता.

१ मे १९७४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा संमत केला. व्यवस्था मात्र जुनीच राहिली. अमेरिकेतील व्याजदर भडकले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्जफेडीस असमर्थता प्रकट केली. आमसभेत प्रत्येक राष्ट्राला एक मत. नाणेनिधीत मात्र मताचे वजन पैशाच्या प्रमाणात. तेथील सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेपाशी १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. हा नकाराधिकारच होय.

आता शेजारी पाहा. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली. दोष केवळ सावकारांचा होता काय? २०१९ ची करकपात आणि २०२१ ची रासायनिक खतांवरील आयातबंदी हे तेथील राज्यकर्त्यांचेच निर्णय होते. परावलंबनाचा सिद्धांत देशी सत्ताधाऱ्यांच्या पापावर पांघरूण म्हणून वापरता कामा नये. मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलर्सचे साहाय्य मंजूर केले. त्याच वर्षी देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली, तेव्हा सरकारी रोख्यांच्या अदलाबदलीतून बँका वगळल्या गेल्या. झळ बसली ती कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीला.

म्हणून कोणताही करार वा कर्ज समोर आले की तीन प्रश्न विचारा: निर्णय कोणी घेतला, लाभ कोणाला झाला आणि परतफेड कोणाच्या मिळकतीतून होणार? ज्या सिद्धांताच्या साहाय्याने या तिन्हींची उत्तरे मिळतात, तो अभ्यासावा. ज्याच्या योगे एकाचेही उत्तर मिळत नाही, तो परीक्षार्थींसाठी खुशाल सोडून द्यावा.