कॉम्प्युटरला माणसाचे शब्द शिकविणाऱ्या हॉपरबाई
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं. साचेखात्यात हयात गेली. हे कॉम्प्युटरवर काय बोलणार, असं कुणाला वाटेल. पण ज्यांनी जॅकार्डचा साचा पाहिलाय त्यांना ठाऊक आहे. पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडलेली असतात. जिथं भोक, तिथं ताण्याचा दोरा उचलला जातो आणि कापडावर नक्षी उमटते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली 'मार्क वन' हे यंत्र बसवलं, तेही भोकांच्या कागदी पट्टीवरच चालायचं. लांबी ५१ फूट! त्या यंत्रावर काम करता करता शिकलेल्या एका आरमारी बाईंची आज आठवण करू.

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कला झाला. सात वर्षांच्या असताना घरातली सात गजराची घड्याळं त्यांनी खोलून ठेवली. आईनं मारलं नाही. पुढं एकाच घड्याळाची मुभा दिली. त्या गणित शिकल्या, डॉक्टरेट मिळवली, कॉलेजात शिकवू लागल्या. महायुद्ध आलं तेव्हा आरमारात जायचं ठरवलं. वय जास्त, वजन कमी म्हणून नकार मिळाला. त्या हटल्या नाहीत. सवलत मिळवून १९४३ च्या डिसेंबरात भरती झाल्याच.

त्यांना पाठवलं ते बोटीवर नाही, मार्क वनवर. गणित त्यांना येत होतं, पण प्रोग्रॅमिंग शिकवायला मास्तर नव्हता, वर्ग नव्हता, पुस्तकही नव्हतं. यंत्रापाशी बसून शिकल्या आणि १९४६ साली त्या यंत्राचं पाचशेच्या वर पानांचं पुस्तक निघालं, त्याच्या लिखाणात त्यांचा मोठा वाटा होता. आपल्याला मिळालं नाही, ते मागून येणाऱ्यांना मिळालं पाहिजे, ही वृत्ती आम्हाला मोठी वाटते.

पुढं त्या एका कंपनीत गेल्या. त्या काळी यंत्राशी आकड्यांतच बोलावं लागे. म्हणजे मूठभर गणितवाल्यांचीच मक्तेदारी. बाई म्हणाल्या, कारकुनालाही यंत्राकडून काम घेता आलं पाहिजे. १९५२ साली त्यांनी 'कंपायलर' केला, म्हणजे साठवून ठेवलेल्या आज्ञा यंत्रानंच जुळवून घ्यायच्या. लोकांचा विश्वास बसेना. पुढं इंग्रजी शब्दांत आज्ञा देण्याची सोय केली. आणि एक गंमत त्या सांगत. तीच आज्ञा त्यांनी फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवली, तर साहेबलोक घाबरले! अमेरिकन यंत्राला परकी भाषा कशी कळेल म्हणे! अहो, यंत्राला कसली मातृभाषा? त्याला इंग्रजीही कळत नाही. त्याला भोक आहे की नाही, एवढंच कळतं. १९५९ साली 'कोबोल' भाषा तयार होऊ लागली, तिला बाईंच्या कामाचा मोठा आधार होता. आजही कित्येक बँकांचे हिशेब कोबोलवर चालतात.

आरमारानं त्यांना निवृत्त केलं आणि पुन्हा बोलावलं, असं दोनदा झालं. १४ ऑगस्ट १९८६ रोजी रिअर ॲडमिरल म्हणून, ७९ व्या वर्षी, त्या कायमच्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. "आम्ही नेहमी असंच करत आलोय" हे वाक्य त्यांना मुळीच खपत नसे. म्हणून कचेरीत उलट्या काट्यांचं घड्याळ टांगलेलं! वेळ त्यातही बरोबरच कळायची.

मुलांनो, इंग्रजी येत नाही म्हणून कॉम्प्युटर आपला नाही, असं तुम्ही म्हणता तेव्हा आमच्या पोटात तुटतं. आज्ञांचे शब्द अजून बहुधा इंग्रजीतच असतात, हे खरं. पण ते मोजके आहेत, पाठ होतात. विचार मात्र मराठीत करा. आणि आयांनो, पोरानं घड्याळ खोललं तर मारू नका. एक घड्याळ त्याला देऊन टाका.

जयभीम!